साळुंकीची मेंदी

एका राज्यात तळं होतं, तळ्याकाठी नगर होतं, आणि घाटावरच्या चौकात दगडी खांबावर तांब्याची एक साळुंकी बसलेली होती. साळुंकी बोलायची. सूर्य वर आला की चोच उघडायची आणि राज्यात काय घडलं ते सांगायची. खांबाखाली उभ्या असलेल्या प्रत्येकाला तिचा आवाज निराळा ऐकू यायचा. ज्याचा ज्याच्यावर जीव, त्याच्या आवाजात ती बोलायची. नव्या सुनेला माहेरच्या आवाजात, शिपायाला त्याच्या नाईकाच्या आवाजात, म्हाताऱ्याला मेलेल्या भावाच्या आवाजात. आता सांगा, असं कुणी कानाशी येऊन बोललं तर विश्वास बसणार नाही का?

साळुंकी येण्याआधी त्या राज्यात हरकारे होते. गावोगाव फिरून ते बातमी आणायचे. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगायचं असेल तर मनगटाला पांढरी फीत बांधायची, ऐकलेलं सांगायचं असेल तर निळी, असा दंडक होता. लोक आधी मनगट बघायचे आणि मग कान द्यायचे. पण हरकारे पायी चालणार, पावसापाण्यात अडकणार, आणि अर्ध्या वेळा म्हणणार की नक्की काही कळलं नाही. राजा शूरकेतूला असला संथ कारभार मानवेना. तो डोंगरातल्या कालकंठ जादूगाराकडे गेला आणि सगळ्यांचा विश्वास बसेल असा पक्षी मागितला. कालकंठाकडे एक शापित खजिना होता. त्याच्या पेटीतून त्याने ही साळुंकी काढून दिली. राजाने हरकाऱ्यांना घरी बसवलं.

लोकांनी तर हौसेने नवा रिवाजच पाडला. साळुंकीची बातमी ऐकली की तीन घरी सांगितल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. त्यात दरबाराचा जुना कायदा होताच, तीन तोंडांनी सांगितलं ते खरं. पूर्वी ती तीन तोंडं पाहिलेलं सांगणारी असायची, आता ऐकलेलं सांगणारी असली तरी चालू लागलं. फरक केवढा, आणि ध्यानात कुणाच्या आला म्हणाल, तर कुणाच्याच नाही. सगळी नगरी न्याहारीच्या घाईत होती.

राजाला एक मुलगी होती, शाल्मली. आई लहानपणीच गेलेली, म्हणून तुळा नावाच्या दाईने तिला वाढवलं होतं. शाल्मली तिला दाईआई म्हणायची. साळुंकीला न्हाऊ घालण्याचा मान राजकन्येचा. रात्रीतून साळुंकीच्या अंगावर हिरवा थर चढायचा, कधी पातळ, कधी जाड. संध्याकाळी शाल्मली चिंचेच्या कोळाने तिला घासून लखलखीत करायची आणि घंगाळातलं पाणी घाटाच्या पायऱ्यांवरून तळ्यात सोडायची. चोळून चोळून तिचे तळवे हिरवे झाले होते, रेषारेषांत रंग बसला होता. सख्या त्याला साळुंकीची मेंदी म्हणत. शाल्मलीला तिचा मोठा अभिमान होता. जेवतानासुद्धा ती हात उताणे ठेवायची.

आणि मग तळ्याचं पाणी कडू झालं.

आधी गुरांनी तोंड फिरवलं. मग मासे पालथे होऊन काठाला लागले, मग मुलं ओकू लागली. डोंगरात एक झरा होता, तिथून घड्याघड्याने पाणी आणायचं तर पोचेपर्यंत भांडणं. नगरीच्या तोंडचं पाणी पळालं, ते असं खरोखरीचं. पहाटे सगळे चौकात जमले आणि साळुंकीने सांगितलं की तळ्यात कुणीतरी विष कालवलं आहे. कुणी ते मात्र प्रत्येकाला निराळं ऐकू आलं. ज्याच्या मनात जो सलत होता त्याचं नाव. कुणाला शेजारी, कुणाला सावकार, कुणाला जंगलातले भिल्ल. तुळादाई तळ्याकाठी एकटी राहायची, मुळ्या उकळायची, कुणाच्या हळदीकुंकवाला जायची नाही. ती बऱ्याच जणांच्या मनात थोडी थोडी सलत होती. प्रत्येकाने तीन घरी सांगितलं, त्या तीन घरांनी आणखी तीन घरी. दुसऱ्या सकाळी साऱ्या नगरीला एकच नाव ऐकू आलं.

दरबारात तीन तोंडं उभी राहिली. त्यात एक मलू कासार होता, जन्मभर लोकांच्या भांड्यांना कल्हई लावणारा शहाणा माणूस. तुळादाई पहाटे काठावर वाकून पाण्यात काहीतरी सोडते, असं तिघांनीही सांगितलं. राजाने निवाडा दिला. तिसऱ्या दिवशी सूर्य डोंगराला टेकला की तुळेच्या कमरेला धोंडा बांधून तिला तळ्यात सोडायचं.

दाईआईने विष घातलं नाही, हे शाल्मलीला पक्कं ठाऊक होतं. आणि कुणी घातलं हेही तिने मनात पक्कं करून ठेवलं होतं. राजाने वर्षापूर्वीच यामिनी नावाची नवी राणी आणली होती. काळी वस्त्रं नेसायची, फार बोलायची नाही. ती आली आणि पाणी बिघडलं, आणखी काय हवं? त्याच सकाळी शाल्मली खांबाखाली जाऊन उभी राहिली. साळुंकीने मान वाकडी केली आणि शाल्मलीच्या मेलेल्या आईच्या आवाजात म्हणाली, "बाळ, यामिनीने घातलं."

शाल्मली रडली. एरवी ती खांबापाशी संध्याकाळीच यायची. इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकला, कोण रडणार नाही? डोळे पुसून ती उठली आणि धावत तीन घरी सांगून आली. वाटेत घाटावर एक टिटवी आडवी आली. ती म्हणाली, संध्याकाळी या पायऱ्यांवरून हिरवं पाणी उतरतं, मी पाहिलेलं आहे. शाल्मलीने विचारलं, तिथे यामिनी होती का? टिटवी म्हणाली, नव्हती. मग मला तुझं काय ऐकायचं आहे, असं म्हणून शाल्मलीने तिला हाकललं. दुपारपर्यंत अर्धी नगरी राणीच्या महालाबाहेर दगड घेऊन उभी होती आणि उरलेली अर्धी तुरुंगाबाहेर.

शाल्मली तुरुंगात गेली. गजांतून हात घालून तिने दाईआईला आनंदाने सांगितलं, की आता तू सुटणार, खरी गुन्हेगार सापडली. म्हातारीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तू पाहिलंस का, लेकी?"

"साळुंकीने सांगितलं, दाईआई."

"साळुंकीने माझंही नाव सांगितलं. ते खोटं आणि हे खरं, हे कोणी ठरवलं?"

म्हातारी म्हणाली, "मला वाचवायला दुसरीला मारू नकोस. मी धोंडा बांधून घेईन, पण तसली सुटका घेणार नाही."

शाल्मलीला तिचा भारी राग आला. जिच्यासाठी जीव टाकावा तिने असं बोलावं? पण तुरुंगातून बाहेर पडताना तिला महालाकडचा आरडाओरडा ऐकू आला, आणि त्यात तिचेच शब्द होते, तिने सकाळी तीन घरी सांगितलेले, आता भलतेच सजवलेले. कुणी म्हणत होतं राणीच्या उशाखाली विषाची कुपी सापडली. कुपी? कुपीचं तर ती बोललीच नव्हती. तिने घोडा काढला आणि कालकंठाच्या डोंगराची वाट धरली.

डोंगराच्या पायथ्याशी कालकंठ एका शिळेवर बसून दोरा वळत होता. वळलेला दोरा आपोआप साप होऊन गवतात जात होता.

"साळुंकीचा शाप कसा उतरेल?" शाल्मलीने विचारलं.

"तीन कामं कर, मग सांगतो. पहिलं काम, या रानापलीकडे पूल आहे, पुलापलीकडे झरा आहे. त्याचं पाणी घेऊन ये." असं म्हणून त्याने तिच्या हातात मातीचा घडा दिला.

ती रानात शिरली आणि झाडं बोलू लागली. पूल तुटला आहे, परत जा. एका खोडातून आवाज आला, मग दहा खोडांतून, मग साऱ्या रानातून. पूल तुटला आहे, परत जा. पुढे दरी होती आणि धुकं होतं. घोडा थरथरू लागला. इतकी झाडं खोटं कशाला बोलतील, असं तिला वाटलं आणि तिने लगाम वळवलासुद्धा. तेवढ्यात दाईआईचा प्रश्न आठवला, तू पाहिलंस का? तिने घोडा तिथेच सोडला आणि पायाने चाचपडत धुक्यात गेली. पूल धड होता. पुलाच्या कठड्यावर एकच पोपट बसला होता आणि तो एकच वाक्य घोकत होता. झाडं नुसती त्याचं ऐकून बोलत होती. तिने घडा भरला आणि परत आली.

कालकंठाने दोन घडे आणखी मांडले, एक काळा आणि एक सोन्याचा. तिन्हीत पाणी होतं. दुसरं काम सांगितलं, यातल्या कोणत्या घड्यात विष आहे ते सांग. चूक सांगितलीस तर माघारी जा.

शाल्मलीची नजर आपसूक काळ्या घड्याकडे गेली. तिने त्यातलं पाणी ओंजळीत ओतून जिभेला लावलं. कडू जहर. उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. पण रानातला पोपट अजून कानात होता, म्हणून तिने सोन्याच्या घड्यातलंही चाखून पाहिलं. तेही कडू. मग मातीच्या घड्यातलं. तेही कडू, आणि ते तर तिने स्वतः झऱ्यावरून भरून आणलेलं होतं. ती घाबरली. सूर्य कलत होता, घरी परतायला पुरता एक दिवस लागणार होता. तिने मातीचा घडाच उचलला आणि तोंडाला लावला. पाणी गोड लागलं. काळा घडा तोंडाला लावला, सोन्याचा लावला, सगळं गोड.

"कुठल्याच घड्यात विष नाही," ती हळू म्हणाली. "कडूपणा माझ्या ओंजळीत आहे."

"मग तिसरं काम सोपं आहे," कालकंठ म्हणाला. "तुमच्या तळ्यात विष कोणी घातलं ते सांग."

शाल्मलीने हात उताणे केले. हिरवे तळवे, हिरव्या रेषा, नखांत हिरवं. रोजची संध्याकाळ, चिंचेचा कोळ, घंगाळ, पायऱ्यांवरून उतरणारं पाणी. टिटवी. सगळं एका ओळीत उभं राहिलं. सबंध नगरी दाईआईकडे बोट दाखवत होती, ती यामिनीकडे दाखवत होती, आणि विष होतं बोटाला.

"मी," ती म्हणाली.

कालकंठाने दोरा खाली ठेवला. त्याने सांगितलं की साळुंकीच्या तोंडून एक खोटी गोष्ट कुणी खरी मानली, की तिच्या अंगावर तांब्याचा कळक, म्हणजे तो हिरवा विषारी थर, चढतो. जितकी माणसं मानतील तितका थर जाड. शाल्मलीने त्याला विचारलं, की असला खोटारडा पक्षी माझ्या बापाला का दिलास?

"राजाने सगळ्यांना पटेल असा पक्षी मागितला," कालकंठ म्हणाला. "खरं बोलणारा त्याने मागितलाच नव्हता. सगळ्यांना पटायचं तर ज्याच्या मनात जे आहे तेच त्याला सांगावं लागतं."

"शाप उतरणार कसा?"

"तीन तोंडांनी तो पक्षी खरा ठरला, तीन तोंडांनीच गप्प होईल. चौकात उभं राहून तिघांनी म्हणायचं, मी चुकलो. धाक नको, लालूच नको."

"एवढंच?"

"एवढंच. अजून कुठल्या राज्यात जमलेलं नाही."

शाल्मलीने मातीचा घडा झऱ्यावरून पुन्हा काठोकाठ भरून घेतला आणि घोडा पिटाळला. वाटेत घोडा दोनदा बसला, पण ती थांबली नाही. तिसऱ्या दिवशी ती घाटावर पोचली तेव्हा सूर्य डोंगराच्या हातभर वर होता. टिटवी पायरीवर बसलेली होती. शाल्मलीने तिला हात जोडले. टिटवी म्हणाली, मी तर परवाच सांगितलं होतं. आणि मान फिरवली.

घाटावर सारी नगरी लोटली होती. खालच्या पायरीवर तुळादाई उभी होती, कमरेला धोंडा, दोन्ही बाजूंना शिपाई. वर राजा शूरकेतू सूर्याकडे बघत होता. शाल्मली गर्दी चिरत खांबापाशी गेली. साडीचा पांढरा काठ फाडून तिने मनगटाला बांधला. जुन्या लोकांनी ते पाहिलं आणि त्यांची बोलणी थांबली. कित्येक वर्षांत ती फीत कुणी पाहिली नव्हती.

"मी पाहिलेलं सांगते," शाल्मली म्हणाली. "तळं दाईआईने कडू केलं नाही. राणीसाहेबांनी केलं नाही. या साळुंकीचा कळक मी रोज धुऊन तळ्यात सोडला. राणीसाहेबांचं नाव तीन घरी मीच सांगितलं. मी चुकले."

साळुंकीची चोच थरथरली. आजवर सकाळीच बोलणारी साळुंकी त्या संध्याकाळी बोलली. दाईला वाचवायला पोर खोटं सांगते आहे, हे प्रत्येकाला आपापल्या जिवलगाच्या आवाजात ऐकू आलं. लोक खवळले. मघाशी थबकलेले म्हातारेही मान हलवू लागले. राजाने सेनापतीला खूण केली की मुलीला बाजूला करा.

तेवढ्यात शाल्मलीने खांबापाशी रोजचा ठेवलेला चिंचेचा गोळा उचलला, घड्यातलं निम्मं पाणी तिथल्याच परातीत ओतलं आणि सगळ्यांसमोर साळुंकीला घासलं. पाणी हिरवं झालं. घड्यातलं चाखा, मग परातीतलं चाखा, मी सांगते म्हणून मानू नका, एवढंच तिने सांगितलं. कुणी पुढे येईना. पाण्यासाठी चार दिवस तडफडणारी माणसं, पण एक पाऊल उचलेना. बहुतेकांना परातीची भीती नव्हती. ती कडू निघाली तर काय, याची होती.

गर्दी मागून फाटली. राणी यामिनी येत होती. कपाळाला दगड लागलेला, रक्त गालापर्यंत आलेलं. ती शाल्मलीसमोर उभी राहिली, तिच्याकडे क्षणभर बघितलं, आणि घड्यातला एक घोट प्याली. मग परातीत बोट बुडवून जिभेला लावलं.

"घड्यातलं गोड आहे," ती म्हणाली. "परातीतलं तळ्यासारखं आहे."

मग मलू कासार आला. चाखून तो तिथेच मटकन बसला. रडवेल्या आवाजात तो सांगू लागला, की तांब्यात आंबट ठेवू नका, कळकेल, असं आयुष्यभर मी दारोदार सांगत फिरलो, आणि डोळ्यांसमोर रोज राजकन्या चिंच घासत होती ते मला दिसलं नाही, कारण तुळादाईवर माझा जुना राग होता. तिला पाण्यात काही सोडताना मी कधीच पाहिलं नाही. मी चुकलो, असं त्याने दोनदा म्हटलं. साळुंकीची चोच अर्धी मिटली.

आता तिसरं तोंड हवं होतं. सूर्य डोंगराला टेकला. शिपायांनी राजाकडे बघितलं, कारण हुकूम हुकूमच होता. चोच अर्धी मिटलेली साळुंकी राजाकडे वळली आणि त्याच्या बापाच्या आवाजात पुटपुटली, की राजा चुकत नसतो, आज चुकलास तर उद्या तुला कोण मानेल? शाल्मलीला त्याच्या पायावर पडावंसं वाटत होतं, ओरडावंसं वाटत होतं. पण धाक नको आणि लालूच नको, असं कालकंठाने सांगितलं होतं. तिने दात घट्ट दाबून धरले. शिपायांनी तुळादाईला एक पायरी खाली नेलं. पाणी तिच्या गुडघ्याला लागलं. ती राजाकडे बघत नव्हती, शाल्मलीकडे बघत होती.

राजा पायऱ्या उतरू लागला. जोडे भिजले, वस्त्र भिजलं. पाण्यात उभं राहून त्याने स्वतःच्या हाताने धोंड्याची गाठ सोडली. गाठ ओली होती, लवकर सुटेना.

"मी चुकलो," तो म्हणाला. "मला पटेल असा पक्षी मागितला. तुळादाई, मी चुकलो."

साळुंकीची चोच मिटली. तळ्यातला हिरवा रंग पायरी पायरीने वर चढला, खांबावरून सरकत गेला आणि साळुंकीच्या पोटात शिरला. ती हिरवीगार झाली, मग तिची भुकटी झाली आणि वाऱ्याने चौकाबाहेर गेली. गुरं दावी तोडून तळ्याकडे धावली. शाल्मलीने यामिनीच्या कपाळाचं रक्त पदराने पुसलं आणि पहिल्यांदाच तिला आईसाहेब म्हणाली. मग ती दाईआईच्या कुशीत शिरली आणि लहान मुलासारखी रडली. दाईआईने एवढंच विचारलं, की दोन दिवस काही खाल्लं होतंस का?

हरकारे परत आले. तीन घरांचा रिवाज मोडला, आणि दरबारात साक्षीला येणाऱ्याचं आधी मनगट तपासलं जाऊ लागलं. टिटवीने काठावर अंडी घातली. शाल्मलीच्या हातांची मेंदी मात्र काही केल्या उतरली नाही. पुढे ती राणी झाली, म्हातारी झाली, आणि न्यायाला बसली की आधी हात उताणे करून बघायची.

आता तुम्ही विचाराल, हे सगळं खरं कशावरून? माझं मनगट बघा. फीत निळी आहे.